डोळ्यांबद्दल आभारप्रार्थना

"येत्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता सत्त्वशीलाबाई मकासरे यांच्या राहत्या घरी त्यांच्या डोळ्यांबद्दल आभारप्रार्थना ठेवण्यात आली आहे," पाळकसाहेबांनी चर्चच्या पुलपिटावरून सूचना वाचली. "उपासनेनंतर पुलाव आहे. बाईंचा निरोप असा, की पुलावासाठी येणाऱ्यांनी उपासनेपासून यावे."

मंडळी हसली. माझ्या शेजारी बसलेल्या सत्त्वशीलाबाईंनी, म्हणजे माझ्या मावशीने, पदर सारखा केला आणि समाधानाने मान हलवली. मला मात्र बसल्या जागी घाम फुटला. आभार ज्या डोळ्यांबद्दल मानायचे होते, त्यांचा निकाल अजून लागायचा होता.

शाळेची मुख्याध्यापिका या नात्याने मावशीने निम्मे नगर शहर दटावलेले होते. माझी आई मी लहान असतानाच वारली. मला वाढवले ते मावशीने. काचबिंदूने तिचा डावा डोळा आधीच नेला होता. उजव्याचीही कडेची नजर गेली होती. नळीतून पाहावे तसे तिला समोरचे तेवढे दिसे. आदल्याच आठवड्यात मी तिला पुण्याला डॉक्टर केळशीकरांकडे नेले होते. दिवसभर तपासण्या झाल्या. राहिलेली नजर टिकेल की तीही जाईल, एवढाच प्रश्न होता. परतताना एसटीत मावशी म्हणाली होती, "सगळं पुढच्या शनिवारी कळेल."

त्या काळी मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असे. प्रकाशशास्त्र हा माझा विशेष विषय. देवाविषयी माझे मत असे होते की पुरावा अपुरा आहे. मावशीचे मत असे होते की माझी तपासणी अपुरी आहे. या मतभेदासह आमचे उत्तम चालले होते. तिला देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) पायऱ्यांचा अंदाज येईनासा झाला, तेव्हापासून मी दर रविवारी तिच्यासोबत जाऊ लागलो आणि प्रार्थनेच्या वेळी सर्वांनी डोळे मिटले, की माझे उघडे ठेवू लागलो. एवढ्या लोकांत एक तरी निरीक्षक असावा, अशी माझी भूमिका होती. पाळकसाहेब प्रार्थना करता करता पंख्याचे बटण चाचपतात, खजिनदार जांभई आमेनपर्यंत रोखून धरतात, ही माझी काही निरीक्षणे. मला असे पाहताना आजवर कोणी पकडले नव्हते. पकडणाऱ्याला स्वतःचे डोळे उघडावे लागले असते.

उपासना संपताच मी मावशीला आवारातल्या चिंचेखाली गाठले.

"मावशी, हा काय प्रकार आहे?"

"कुठला? पुलाव? एस्तरला सांगितलंय. तिच्या हाताला चव आहे, पण मिठाचा अंदाज नाही. मीठ मी घालणार."

"पुलाव नाही, आभारप्रार्थना! निकाल शनिवारी यायचाय. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. मुलांच्या प्रयोगवहीत असला उलटा कारभार दिसला तर मी शून्य देतो."

"आणि मी तुला जेवायला देते. चल. पायरी आली का?"

"आली. समज, निकाल वाईट आला तर? सगळी मंडळी हातात ताटं धरून बसलेली, आणि तेव्हा…"

"मग काय, ताटं खाली ठेवतील? आपली माणसं आहेत, शांतू. पुलाव संपवूनच रडतील."

तिच्याशी वाद घालताना माझी नेहमी हीच गत होई. मी सिद्धान्त मांडी आणि ती स्वयंपाकघरात निघून जाई. पण या वेळी माझी भीती खरी होती. निकाल वाईट येईल ही भीती होतीच. तिच्याहून मोठी भीती अशी होती, की या बाईने आयुष्याचे सगळे वजन एकाच खुंटीवर टांगले आहे आणि येत्या शनिवारी चारचौघांच्या देखत ती खुंटी निखळणार आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले तर दुसरे डॉक्टर असतात. तिच्या देवाने हात टेकले तर मी तिला कोणाकडे नेणार होतो?

सोमवारपासून मावशी घरात डोळे मिटून वावरू लागली.

प्रथम मी पाहिले, तेव्हा ती निजायच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे निघाली होती. डोळे घट्ट मिटलेले, एक हात किंचित पुढे, ओठ हलताहेत. ही प्रार्थना, हे निदान करायला मला क्षणही लागला नाही. शनिवार जवळ येत होता आणि अर्ज वरच्या कचेरीत जोराने चालू होते. बैठकीत पोचल्यावर तिचा गुडघा तिपाईवर आपटला.

"मावशी, देवाला उघड्या डोळ्यांची प्रार्थना चालत नाही का?"

"ही तिपाई इथे कुणी ठेवली?"

"तूच. माझ्या जन्माआधी."

"मग मीच हलवते." तिने तिपाई भिंतीशी ओढली, खोलीच्या दारापर्यंत परत गेली, डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली.

मंगळवारी तिने स्वयंपाकघराची मांडणी बदलली. मिठाच्या बरणीच्या गळ्यात सुतळी आली, साखरेच्या बरणीला जुन्या परकराची नाडी. एस्तरकाकू, म्हणजे आमच्या शेजारीण, पुलावासाठी यायच्या होत्या. त्यांच्या हाताला बरण्या चटकन ओळखू याव्यात म्हणून ही सोय, असे मी ठरवून टाकले. घेतलेली वस्तू जागच्या जागी न ठेवल्याबद्दल त्या दिवशी मला जी बोलणी बसली, तशी मॅट्रिकनंतर बसली नव्हती.

सकाळी चहा घेताना ती म्हणे, "शांतू, जरा पेपर वाचून दाखव. चष्मा सापडत नाही."

"तुझ्या नाकावर आहे."

"धुरकट झालाय. वाच."

मी वाचू लागलो, की ती मान तिरपी करून ऐके. बातमीवर तिने एकदाही मत दिले नाही. "वाक्याचा शेवट गिळतोस," एवढेच म्हणे. "पोटात जातो तो शेवट. लोकांना ऐकायला नको का?"

"लोक कुठे आहेत इथे? तू एकटीच तर आहेस."

"मी काय कमी आहे?"

बुधवारी मी पाळकसाहेबांकडे गेलो. रेव्हरंड योना ओहोळ अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल देत होते.

"सलाम, पाळकसाहेब."

"सलाम, सलाम! सर, तुम्ही आणि आमच्या अंगणात? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा."

"ते शक्य नाही. मी शनिवारच्या सभेबद्दल आलोय. ती आठवडाभर पुढे ढकला. निकाल येऊ द्या. चांगला आला तर मी स्वतः सतरंज्या घालतो."

"आणि वाईट आला तर?"

"तेच तर! मग त्या सभेत तुम्ही बाईंना काय सांगणार आहात?"

पाळकसाहेबांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "सर, मी पाचवीत बाईंच्या वर्गात होतो. दहा आज्ञा पाठ म्हणायच्या होत्या. आठवीपाशी अडलो. चोरीबद्दलची आज्ञा तुला आठवत नाही म्हणजे तुझ्या दप्तराची झडती घ्यायला हवी, असं म्हणून त्यांनी खरोखर घेतली. आत त्यांचाच खडू निघाला. अशा बाईंना मी जाऊन सांगू, की सभा रद्द? तुम्ही सांगा. मी इथे गुडघे टेकून तुमच्यासाठी प्रार्थना करतो."

"थट्टा नको, पाळकसाहेब. जे हातात पडलं नाही त्याचे आभार मानणं तुम्हाला तरी पटतं का?"

"बाईंनी सूचना स्वतः लिहून दिली," ते म्हणाले. "म्हणाल्या, योना, यातला एक शब्द हलवू नकोस. मी हलवला नाही. याहून जास्त मला माहीत नाही, सर." मग सायकल सरळ करून त्यांनी घंटी वाजवून पाहिली. सायकलीत तेवढा एकच भाग आधीपासून बिनतक्रार चालत होता.

शनिवार उजाडला. दुपारपासून घरात एस्तरकाकूंचा आणि मसाल्याचा ताबा होता. शेजाऱ्यांच्या सतरंज्या आल्या, पेटी आली, तबला आला. डॉक्टरांचा निरोप मात्र येईना. पाचच्या सुमारास माझा धीर सुटला. निदान वाईट बातमी आधी माझ्यापाशी यावी, म्हणजे तिला आतल्या खोलीत नेऊन सांगता येईल, या विचाराने मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो आणि पुण्याला फोन लावला.

"डॉक्टर, मी शांतवन हिवाळे. नगरच्या सत्त्वशीलाबाईंचा भाचा. निकालासाठी फोन केला."

"कसला निकाल?"

"तपासणीचा. आज कळणार होता ना?"

"अहो, तो मी त्याच दिवशी बाईंना समोर बसवून सांगितला. तुम्ही तेव्हा चहा आणायला गेला होता."

चहा! मावशीने मला दवाखान्याबाहेरच्या टपरीवर पिटाळले होते. टपरीचा चहा तिने उभ्या जन्मात घेतला नव्हता. मी आणलेला पेला तिने दवाखान्याच्या कुंडीत ओतला, हेही मी पाहिले होते. पाहण्यापलीकडे काही केले नव्हते.

"काय सांगितलंत तुम्ही?" मी विचारले.

"डोळ्याची नस वाळत चालली आहे. थेंब चालू ठेवायचे, पण राहिलेली नजरही जाणार. वर्षभर, फार तर थोडी जास्त. शस्त्रक्रियेत या टप्प्यावर धोकाच अधिक. त्यांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. एकच विचारलं."

"काय?"

"पुढच्या शनिवारपर्यंत दिसेल ना, म्हणून. मी म्हटलं, दिसेल की. तर म्हणाल्या, तेवढं पुरे."

बूथवाल्याने सुटे पैसे पुढे केले, ते न घेताच मी बाहेर पडलो. डोळे मिटून घरात फिरणारी बाई प्रार्थना करीत नव्हती. ती प्रयोग करीत होती. चूक झाली की कारण शोधायचे, तिपाई हलवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रयोगवहीत मी याला पैकीच्या पैकी दिले असते. निकाल हाती नसताना आठवडाभर भलत्या आशेवर जगला, तो आमच्या घरातला वैज्ञानिक.

घरी पोचलो तेव्हा पहिले भजन संपत आले होते. बैठक भरून लोक ओटीवर आले होते. मी दाराशी चपला काढल्या.

"शांतू आला," आतून मावशीचा आवाज आला. तिची पाठ दाराकडे होती. "चपला मध्ये टाकू नकोस. कडेला लाव."

मी कडेला लावल्या आणि भिंतीशी टेकून बसलो. पाळकसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला, मग म्हणाले, "आता बाई आपली साक्ष देतील."

मावशी खिडकीपाशी उभी राहिली. वर्ग शांत होईपर्यंत थांबायची तिची जुनी सवय होती. तशी ती थांबली.

"मी पुण्याला जाऊन आले," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, हाही डोळा जाणार."

स्वयंपाकघराच्या दारातून एस्तरकाकू डाव हातात घेऊन बाहेर आल्या. "अगं बाई! बाई, असं कसं हो?"

"एस्तर, पुलाव खाली लागेल."

"लागू दे मेला!"

"लागू दे कसा? मटण काय फुकट आलंय?" काही जण हसले आणि लगेच ओशाळले. मावशीने हात वर केला. "हसा. मी रागावणार नाही. तुम्ही म्हणाल, डोळे चालले, मग आभार कसले? अरे, इतकी वर्षं वापरले की मी ते! लग्नात नेसले त्या शालूचा रंग अजून सांगते, जांभळा होता. या योनाचं पाचवीतलं गळकं नाक पाहिलंय. माझ्या बहिणीचा हा मुलगा पहिल्यांदा चालला तो त्या दारापासून या खांबापर्यंत, आणि खांबावर आपटून त्यालाच रागावला. ते पाहिलंय. पुस्तक परत करताना आभार मानायचे, ही शिस्त शाळेत मीच लावली होती. आता माझं पुस्तक परत मागितलंय, तर मी तोंड वाकडं करू?"

पुढचे ती बोलली ते खालच्या आवाजात.

"भीती वाटते का? वाटते. पुण्याहून आले त्या रात्री फार वाटली. देवाला विचारलं, हे असं का? त्याने काही सांगितलं नाही. पण सकाळी जाग आली तेव्हा तो उठून गेलेलाही नव्हता. माझ्या उशाशीच होता. म्हटलं, चला, अंधारात जायचं तर सोबत आहे. मग उठले, आणि सोमवारपासून घरात चालायचा सराव सुरू केला. सोबत असली तरी तिपाई आपली आपल्यालाच हलवावी लागते." तिने पदर सारखा केला. "आता प्रार्थना करू. डोळे मिटा."

सर्वांनी मिटले. मी सवयीने उघडे ठेवले आणि त्यामुळे पुढचे मला दिसले.

मावशीचेही डोळे उघडे होते.

प्रार्थनेचे शब्द तिच्या तोंडून अखंड चालले होते आणि ती पाहत होती. नळीएवढी उरलेली ती नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर सरकत होती; कडेचे दिसत नसल्यामुळे तिला प्रत्येकासाठी मान वळवावी लागत होती. पाळकसाहेबांच्या टकलावर ती क्षणभर टेकली. एस्तरकाकूंपाशी बराच वेळ थांबली. काकूंनी डाव छातीशी धरला होता आणि त्यातून तूप त्यांच्या लुगड्यावर गळत होते. पेटीवाला, खजिनदार, ओटीवरच्या बायका, एकामागून एक. कोणाला काही कळले नाही. माणसांकडे असे पोटभर पाहून घ्यायला त्यांनी डोळे मिटलेले असणे किती सोयीचे असते, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

मग ती माझ्यापर्यंत आली.

आमची नजरानजर झाली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पकडला गेलो होतो. तिने मला सोडले नाही. इतरांहून जास्त वेळ धरून ठेवले. शब्द कुठेही अडखळले नाहीत. मग वर्गातल्यासारखी एक भुवई वर गेली, आणि तिने तर्जनी स्वतःच्या पापणीला लावून खूण केली: मीट.

मी मिटले. त्यामुळे यापुढचे निरीक्षण माझ्यापाशी नाही. फक्त ऐकलेले आहे.

"आणि प्रभू," मावशी म्हणत होती, "मला वाचून दाखवायला कोणीतरी दे. आवाज खणखणीत असावा. वाक्याचा शेवट गिळत असला तर तेवढं मी सुधारून घेईन. मध्ये मध्ये शंका काढल्या तरी चालेल. त्याचा तुझ्यावर विश्वास नसला तरी माझी हरकत नाही. तुझा त्याच्यावर असू दे. आमेन."

आमेन सर्वांनी म्हटले. पाळकसाहेबांचे सर्वांत मोठ्याने झाले. माझे, सवय नसल्यामुळे, किंचित उशिरा झाले.

पुलावात मीठ दोनदा पडले होते. एकदा मावशीच्या हातून आणि एकदा, घाबरलेल्या अवस्थेत, एस्तरकाकूंच्या. तो कोणी टाकला नाही. मावशीचे भाकीत मात्र अक्षरशः खरे ठरले: मंडळींनी पुलाव संपवला, हात धुतले आणि मग रडायला सुरुवात केली.

त्यानंतर पुष्कळ वर्षे मी तिला वाचून दाखवीत राहिलो. ते जाडजूड पुस्तक आम्ही सुरुवातीपासून शेवटापर्यंत किती वेळा केले, ते आता सांगता येणार नाही. पण आठवते ती पहिली सकाळ. रविवार होता. उपासनेला निघायला अवकाश होता. मावशीने पवित्र शास्त्र माझ्यापुढे ठेवले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

"देवाकडे मागितलंस आणि उत्तर आधीच ठरवून ठेवलंस," मी म्हणालो. "हे शास्त्रीय नाही."

"ठरवलं कुठे? तू नाही म्हणाला असतास तर? तेवढं त्याच्यावरच सोडलं होतं ना."

"माझी मतं बदललेली नाहीत, मावशी."

"मी मतं मागितली नाहीत, वाचन मागितलंय. शेवट गिळू नकोस."

"कुठून सुरुवात करू?"

"पहिल्या पानापासून. तुला काय गाडी पकडायचीय?"

मी वाचू लागलो. जग निर्माण होत होते आणि मी शक्य तितके स्पष्ट उच्चार करीत होतो. थोडे पुढे गेलो आणि थांबलो. पान मागे उलटून पाहिले. वाचण्यात चूक नव्हती.

"का थांबलास?"

"मावशी, इथे प्रकाश पहिल्या दिवशी आहे. सूर्य चौथ्या दिवशी."

"हं."

"सूर्यच नव्हता, तर हा पहिला प्रकाश आला कुठून?"

तिने डोळे मिटून घेतले होते. सराव असेल, किंवा दुसरे काही असेल; निदान करायची घाई मी या वेळी केली नाही. तिचे तोंड खिडकीकडे होते.

"मला आता तोच लागणार आहे," ती म्हणाली. "वाच पुढे."